क्रेडिट साठलीत, ऐकणं होत नाही: सभासदत्व ठेवावं की बंद करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रोज बदलापूर ते फोर्ट जाणं-येणं, त्या वेळेत ऐकू म्हणून ऑडिओबुकचं सभासदत्व घेतलं. महिन्याला १९९ रुपये कटतात, त्यात एक क्रेडिट म्हणजे एक पुस्तक मिळतं. अशी चार क्रेडिट तशीच पडून आहेत. काचबिंदूमुळे सासऱ्यांचं वाचन बंद झालंय, ते अधूनमधून ऐकतात, म्हणून बंद करायला हात धजावत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पैसे कटणार.

बंद करा. पण चारही क्रेडिट वापरल्यानंतर. आणि सासऱ्यांचा हिशोब वेगळा मांडा. तो तुमच्या हिशोबात मिसळलाय, म्हणून तुमचं हे भिजत घोंगडं पडलंय.

आधी क्रेडिटचं बघू. क्रेडिट देऊन घेतलेलं पुस्तक सभासदत्व संपलं तरी तुमच्याकडे राहतं, न वापरलेलं क्रेडिट मात्र सभासदत्वाबरोबर जातं. ॲमेझॉनच्या ऑडिबल या ऑडिओबुक सेवेची पद्धत अशी आहे आणि तुमची योजनाही त्याच जातीची दिसते. म्हणजे आज वैतागून बंद केलंत तर ७९६ रुपये पाण्यात. दोन गोष्टी तपासून मगच क्रेडिट खर्च करा. एक, त्या पुस्तकाची रोख किंमत. ती १९९पेक्षा कमी असेल तर क्रेडिट घालवू नका, कधीतरी रोखीनं घेता येईल. क्रेडिट जाडजूड, महागड्या पुस्तकांसाठी. अडीचशे-तीनशे पानांची कादंबरी ऐकायला साधारण आठ-दहा तास लागतात. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि मोठी चरित्रं त्याच्या कितीतरी पुढे जातात. दुसरी गोष्ट, ‘सभासदांना मोफत’ असं लिहिलेली पुस्तकं. ती सभासदत्व असेपर्यंतच ऐकता येतात, नंतर कुलूप. एखादं अर्धवट राहिलं असेल तर मुदत संपायच्या आत संपवा, नाहीतर सोडून द्या.

चार क्रेडिट साठली याचा अर्थ तुम्ही आळशी आहात असं मी म्हणणार नाही. ही योजनाच माणसाला कंजूष करते. महिन्याला एकच पुस्तक मिळणार म्हटलं की ‘खरंच चांगलं सापडलं की घेऊ’ असं होतं, आणि चांगलं सापडेपर्यंत पुढचा महिना उजाडतो. ज्याला काय ऐकायचंय हे आधीपासून पक्कं ठाऊक आहे, त्याला क्रेडिट परवडतं. ज्याला चार पुस्तकं चाखून तीन टाकून द्यायची सवय आहे, त्याच्यासाठी दुसरी पद्धत आहे: महिन्याचे पैसे भरा आणि हवं तेवढं ऐका. स्टोरीटेल त्या पद्धतीचं. ही स्वीडिश कंपनी २०१७मध्ये आपल्याकडे आली आणि तिनं सुरुवातीपासून मराठीकडे लक्ष दिलं. तिथे पैसे थांबले की सगळं कपाट बंद, तुमच्या नावावर काही उरत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकदा ऐकलेली कादंबरी पुन्हा ऐकणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आता खरा मुद्दा प्रवासाचा. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, जलद गाडीनंही दीड तासाच्या आसपास. कागदावर जाऊन-येऊन तीन तास म्हणजे तीन-चार दिवसांत एक कादंबरी व्हायला हवी. होत नाही, आणि का होत नाही हे लेडीज डब्यात उभं राहिलेल्या बाईला सांगायला नको. एक हात वर कडीला, दुसरा पर्सवर, कुणाचं तरी कोपर खांद्यावर. इअरफोन निसटला तर वाकून उचलायचीही सोय नाही. जागा मिळाली तर समोरची शेंगा सोलत गप्पा सुरू करते, आणि तिला ‘थांबा, माझं प्रकरण चाललंय’ म्हणणं आपल्याला जमत नाही. शेजारच्या डब्यात भजनी मंडळ असेल तर टाळांपुढे कुठलाही निवेदक टिकत नाही. संध्याकाळी डोळे मिटतात. झोपेत प्रकरणं पुढे जातात आणि अंबरनाथला जाग आल्यावर कोण कुणाचा भाऊ हे कळत नाही. (त्यासाठी स्लीप टायमर असतो. पंधरा मिनिटांचा लावा.)

तेव्हा प्रवासाचा वेळ म्हणजे ऐकायचा वेळ, असं धरू नका. हात आणि डोळे गुंतलेले, पण डोकं मोकळं आणि कुणी हाक मारणार नाही, असा तास दिवसात कुठे आहे ते शोधा. माझं बरंचसं ऐकणं लोकलमध्ये होत नाही, मुलुंडला घरी ओट्यापाशी होतं. भाजी चिरताना, पोळ्या लाटताना. मिक्सर लावला की वाक्य बुडतं, तेव्हा तीस सेकंद मागे नेणारं बटण पिठाच्या बोटानं दाबायचं. माझ्या फोनच्या काचेवर त्या जागी कायम पांढरा ठसा असतो. कपड्यांच्या घड्या, संध्याकाळचं फिरणं हेही चालतं. ऑफिसात एक्सेल उघडून कादंबरी ऐकणं मात्र चालत नाही, दोन्हीकडे घोटाळा होतो.

ॲपमध्ये ‘ऐकलेला वेळ’ कुठेतरी दिसतो. मागच्या तीन महिन्यांचा काढा. महिन्याला आठ तास भरत असतील तर तासाला २५ रुपये पडतात, मुंबईत त्या पैशात दुसरी करमणूक नाही. दोनच तास असतील तर तासाला शंभर. मग हवं ते पुस्तक रोखीनं घेतलेलं बरं, कारण वर्षाचे २,३८८ होतात आणि तेवढ्यात छापील पुस्तकांची बरी पिशवी भरते. मधल्या आकड्यावर असाल तर दोन महिने घ्या, चार महिने थांबा. उन्हाळ्यात मुलं गावी गेली की सुरू करा, शाळा उघडली की बंद. या कंपन्यांशी इमान राखायची गरज नाही. बाहेर पडताना ‘थांबा, सवलत देतो’ म्हणणाऱ्याही असतात, ती घ्यायला लाजू नका.

लोकलमध्येच ऐकायचं असेल तर पुस्तकाची निवड बदला. आकडेवारी, तत्त्वज्ञान, कविता उभ्यानं ऐकू नका. वीस-पंचवीस मिनिटांत संपणारी कथा, विनोदी लेख, प्रवासवर्णन, सरळ पुढे जाणारं चरित्र हे गर्दीत तगतं. पुस्तक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, रेंज मध्येच दगा देते आणि पुढे मेट्रो ३नं जाणार असाल तर ती जमिनीखालूनच धावते. एक कान मोकळा ठेवा. आणि पलीकडच्या फलाटावर जायला पूल आहे, कानात गोष्ट घालून रूळ ओलांडायचे नाहीत. हे विषयाबाहेरचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुस्तक घेण्याआधी नमुना ऐकाच. निवेदक आवडला नाही तर दहा तास कानाला शिक्षा. मराठीत तर आपले कान लाडावलेले आहेत: मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाची गोडी लावली, वपुंच्या कॅसेट घराघरात होत्या. त्यामुळे बातम्या दिल्यासारखं वाचणारा माणूस आपल्याला पटत नाही. संवादात म्हातारी आणि तिची नात एकाच आवाजात बोलतात का, गावाकडची बोली आली की निवेदक अडखळतो का, ते बघा. हल्ली यंत्राच्या आवाजातली पुस्तकंही आली आहेत. ती ओळखायची माझी खूण म्हणजे ‘चार’ आणि ‘चारा’. दोन्हीकडे एकच च आला तर पैसे देऊ नका.

फुकटचं काय, हेही तुम्ही विचारलंय. यूट्यूबवर खूप आहे, पण त्यातलं बरंच कुणाच्या परवानगीनं चढवलंय देव जाणे. ऐन रंगात जाहिरात येते, आणि पैसे भरल्याशिवाय स्क्रीन बंद करून ऐकता येत नाही, म्हणजे खिशात फोन ठेवायची सोय नाही. हक्कांची मुदत संपलेलं लेखन मात्र निर्धास्त ऐका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी ते मुक्त होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे २०११पासून त्यांचं लेखन कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतं. हरिभाऊ आपटे तर त्याच्याही आधीपासून मोकळे. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप मोफत आहे, पण तिथे ते लावतील ते ऐकायचं.

आता सासरे. तुम्ही लिहिलंय की दोघं एकाच खात्यावर ऐकता. मग हे झालंच असणार: ते दुपारी तुमच्या पुढे जातात आणि संध्याकाळी तुमचा फोन विचारतो, ‘दुसऱ्या उपकरणावर पुढे ऐकलंय, तिथे जाऊ का?’ घाईत ‘हो’ दाबलं की तुमची जागा गेली. निदान एका वेळी दोघांनी वेगवेगळी पुस्तकं ऐका.

पण त्यांच्यासाठी महिन्याचे पैसे भरण्याआधी सुगम्य पुस्तकालय बघा. अंध, अल्पदृष्टी किंवा इतर कारणानं छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. केंद्र सरकारचा दिव्यांगजन विभाग आणि अशा वाचकांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांचा मंच, डेझी फोरम ऑफ इंडिया, यांनी ते उभं केलं, आणि मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांतली पुस्तकं त्यात आहेत. २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी सवलत आली, म्हणून हक्कांची मुदत न संपलेली पुस्तकंही तिथे कायदेशीर मिळतात. नोंदणीला दृष्टीदोषाचा पुरावा लागतो. काचबिंदूचे डॉक्टरांचे कागद तुमच्याकडे असतीलच, प्रमाणपत्राचं त्यांनाच विचारा. ऑनलाइन खटपट नको असेल तर वरळी सी-फेसला नॅबचं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं कार्यालय आहे. बोलक्या पुस्तकांचं त्यांचं काम जुनं आहे. फोर्टहून ते फार लांब नाही, एखाद्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून चौकशी करून या.

एक सावधगिरी. तिथल्या पुस्तकांत नटांनी रंगवलेलं वाचन कमी आणि साधं, सरळ वाचन जास्त असतं, काही पुस्तकं यंत्राच्या आवाजात ऐकावी लागतात. सासऱ्यांना ते रुचेल की नाही हे त्यांनाच ऐकवून ठरवा. रुचलं नाही, तर तुमच्या चारपैकी दोन क्रेडिट त्यांच्या पसंतीची. आणि ते रोज ऐकणारे असतील तर ‘हवं तेवढं ऐका’वाली योजना त्यांच्या फोनवर त्यांच्या नावानं घ्या. घरात दिवसभर असलेल्या माणसाला ती पुरेपूर वसूल होते. अक्षरं मोठी करून, ॲपचं चिन्ह पहिल्याच पानावर ठेवून द्या.

शेवटी बंद कसं करायचं, कारण इथे बरेच जण फसतात. ॲप काढून टाकलं म्हणजे सभासदत्व बंद झालं असं होत नाही, पैसे कटतच राहतात. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथे ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करा. कंपनीच्या वेबसाइटवरून घेतलं असेल तर तिथेच, खात्याच्या पानावर. यूपीआयनं भरत असाल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ बघा, तिथली परवानगीही मागे घेता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कटायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. पण जून २०२२पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून १९९ गुपचूप जातात आणि ती सूचना बाकीच्या एसएमएसमध्ये हरवते. रद्द करायचं बटणच सापडू नये अशी रचना कुणी केली असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत तिला ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. रद्द झाल्याची ईमेल आली नाही तर पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पैसे पुढच्या आठवड्यात कटणार, म्हणजे क्रेडिट वापरायला शनिवार-रविवार हातात आहे. सासऱ्यांना काय आवडतं ते कळवा: कोकणातलं, देशावरचं, शिकारकथा, इतिहास? त्यावरून त्यांच्या दोन क्रेडिटसाठी नावं सुचवते.