रविवारी ड्युटी लागली तर?

सलाम बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बडोद्यात फतेगंजला घर, बी.एस्सी. नर्सिंगचं शेवटचं सेमिस्टर, समोर दोन ऑफर. एक मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूची, तीन शिफ्ट आणि वीकली ऑफ रोस्टरप्रमाणे, दुसरी डायलिसिस सेंटरची, दिवसपाळी, रविवार मोकळा पण पगार कमी. आई म्हणते रविवार सोडलास तर देव सोडलास. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, की हल्ली मी प्रार्थनेत झोपते, माझा विश्वास कमी झालाय का?

मी शेवटच्यापासूनच सुरू करते. विश्वास वगैरे काही कमी झालेला नाही, झोप कमी झालीय. बायबलातला एलीया संदेष्टा आठव, कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि मग रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, बस झालं देवा, मरण दे. देवदूताने त्याला उपदेश नाही केला गं, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. ही गोष्ट संडे स्कूलच्या पोरांना तूच शिकवत असशील!

आता तुझा रविवार बघ. 7:30 ला संडे स्कूल, मग उपासना, क्वायर, दुपारी प्रॅक्टिस, संध्याकाळी युवा संघ, रात्री 9 ला घरी. याला सुट्टी म्हणायचं? ही सातव्या दिवसाची ड्युटीच आहे, फक्त युनिफॉर्म नाही. मी पण वर्षानुवर्षं हेच केलं, आणि एकदा भर उपासनेत पेटीवर डोकं टेकून झोपले तेव्हा कुठे अक्कल आली (अख्खी मंडळी हसली, अजून काढतात). शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा बायबलात निर्गमच्या 20व्या अध्यायात आहे तिथे कारण असं की देवाने स्वतः विसावा घेतला, पण अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात तीच आज्ञा परत येते आणि कारण बदलतं, तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतात हे आठवा. गुलामाला कुठली सुट्टी? त्या आज्ञेत दास, दासी, बैल, गाढव सगळे आलेत, मग क्वायरवाली मुलगीच का बाहेर?

आईशी वाद घालू नकोस, शांतपणे सांग. इस्राएलाचा शब्बाथ शनिवारचा, शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो, आपण रविवारी जमतो ते येशूच्या पुनरुत्थानामुळे. 18 वर्षं वाकलेल्या बाईला येशूने शब्बाथाच्याच दिवशी सरळ केलं. आणि पाळकसाहेब रविवारी काय करतात? कामच ना! म्हणून तर बरेच पाळक सोमवारी सुट्टी घेतात. गंमत म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 ला, नारायण मेघाजी लोखंडे भांडले म्हणून, आणि त्यांचा एक मुद्दा होता की रविवार खंडोबाचा वार आहे.

नोकरीचं विचारशील तर माझं मत आयसीयू, दोन वर्षं. व्हेंटिलेटर, इमर्जन्सी, हे तरुणपणी हातात बसतं, आयसीयूतून डायलिसिसला नंतर केव्हाही जाता येतं, उलटं जाणं जड पडतं. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरती परीक्षेला, बी.एस्सी. वाल्यांना अनुभवाची अट नाही (जीएनएम डिप्लोमावाल्यांना आहे), तेव्हा नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं की फॉर्म भरून ठेव. पण हो म्हणायच्या आधी एचआरला नको, तिथल्या स्टाफ नर्सला विचार: सलग किती नाइट लागतात, नाइटनंतर ऑफ खरंच मिळतो की फोन येतो, एका नर्सकडे किती पेशंट, रोस्टर किती दिवस आधी लागतं, महिन्यात दोन रविवार सकाळ मागितली तर इन्चार्ज सिस्टर देते का. उत्तर देताना ती इकडेतिकडे बघायला लागली तर सरळ डायलिसिस घे, पगार कमी तर कमी.

आणि कुठलीही घेतलीस तरी संडे स्कूल किंवा क्वायर, दोन्हीतलं एकच ठेव, पाळकसाहेबांना याच आठवड्यात जाऊन सांग. ऑफ मंगळवारी पडला तर मंगळवार, त्या दिवशी अलार्म नाही, कोणाच्या बदली ड्युटी नाही, सकाळी स्तोत्र वाच, दुपारी झोप, संध्याकाळी कमाटीबाग नाहीतर मैत्रिणीबरोबर शेव-उसळ.

पहिल्या महिन्याचं रोस्टर लागलं की फोटो पाठव, नाइट्स कशा लावल्यात ते बघू.