एका लॉग थ्रेडसाठी पूर्ण मेमरी पूलला लॉक लावावं का?

तुमचा सी प्रोग्रॅम आजवर एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, चालत होता. आता लॉग फाइल लिहायला दुसरा थ्रेड आलाय आणि तेवढ्यासाठी स्वतः लिहिलेल्या पूल अ‍ॅलोकेटरमध्ये (आधीच घेतलेल्या मेमरीचे ब्लॉक वाटणाऱ्या कोडमध्ये) दर वेळी म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक, घेणं तुमच्या जिवावर येतंय. माझं स्पष्ट मत आहे: आधी लॉग थ्रेडला त्या पूलला हातच लावू देऊ नका.

लॉक नसलेला पूल कुठे फुटतो बघा. फ्री लिस्टमधून, म्हणजे मोकळ्या ब्लॉकच्या यादीतून, ब्लॉक देताना तुम्ही हेड (यादीतला पहिला ब्लॉक) वाचता आणि मग हेड पुढच्या ब्लॉकवर सरकवता. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडनेही तेच हेड वाचलं, की एकच ब्लॉक दोघांना मिळतो. क्रॅश होतो तो भलतीकडेच आणि बऱ्याच वेळाने, त्यामुळे खरं कारण शोधताना जीव जातो.

लॉग थ्रेडला साधं मॅलॉक, म्हणजे सी मधलं मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन, पुरेसं आहे. जीलिबसीचं (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं) मॅलॉक थ्रेडसेफ आहेच, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरलं तरी बिघडत नाही. शिवाय २०१७ च्या २.२६ आवृत्तीपासून प्रत्येक थ्रेडला स्वतःची छोटी कॅशे मिळते, त्यामुळे लहान तुकड्यांसाठी बहुतेक वेळा लॉकची गरजच पडत नाही. मुख्य थ्रेडने मॅलॉकने मेसेज बनवून क्यूमध्ये (रांगेत) टाकावा आणि लॉग थ्रेडने लिहून झाल्यावर फ्री करावा. एका थ्रेडने घेतलेली मेमरी दुसऱ्याने सोडली तरी चालतं. लॉक लागेल ते फक्त क्यूला. मात्र मेसेजमधली स्ट्रिंग पूलमधल्या जागेकडे बोट दाखवत नाही ना, हे नीट तपासा. क्यूमध्ये टाकतानाच तिची कॉपी करा, नाहीतर लॉग लिहिला जाण्याआधीच मुख्य थ्रेड ती जागा दुसऱ्याला देऊन मोकळा होईल.

पूल दोघांनी वापरणं टळतच नसेल, तर मात्र सरळ म्यूटेक्स लावा. लिनक्सवर म्यूटेक्स मोकळा असेल तर तो घ्यायला कर्नलपर्यंत जावं लागत नाही, एका अ‍ॅटॉमिक (मध्येच न तुटणाऱ्या) ऑपरेशनवर भागतं. आधी मोजा, मग घाबरा. तरीही खर्च जाणवला तर ‘दुसरा थ्रेड आहे का’ असा फ्लॅग ठेवून एकटेपणी लॉक टाळता येतं. तो फ्लॅग थ्रेड सुरू करायच्या आधी चढवा आणि पुन्हा कधीच उतरवू नका. उतरवायच्या नादात एकाने लॉक न घेताच आत शिरायचं आणि दुसरा आधीच आत असायचा, असं होतं.

शेवटी जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरचा थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या चुका पकडणारं साधन) लावून बिल्ड करा आणि दोन्ही थ्रेड भरपूर लॉग टाकतील अशी टेस्ट चालवा. हेडवरची रेस, म्हणजे वर सांगितलेली दोन थ्रेडची टक्कर, असेल तर तो दोन्ही थ्रेडचे स्टॅक समोर ठेवतो.