रील किती वाजता टाकायची? आधी कॅलेंडर बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि गेल्या वर्षीचा आमचा श्रावण डोळ्यांपुढे आला. तुम्ही पुण्यात कोथरूडला घरी कापडी आकाशकंदील करता, इन्स्टाग्रामवर रील्स नेमाने टाकता, पण व्ह्यूज दोन-अडीचशेच्या पुढे सरकत नाहीत. कुणी मंगळवारी सकाळी नऊ सांगतं, कुणी बुधवारी रात्री. आणि आता एक एजन्सी म्हणतेय, महिन्याचं पॅकेज घ्या, 'बेस्ट टाइम'ला सगळं आम्ही टाकतो. घ्यावं का, असा प्रश्न आहे.

आमचा धायरीला शाडूच्या गणपतींचा छोटा कारखाना आहे. त्यामुळे मी सांगतेय ते सणाला बांधलेल्या धंद्यापुरतं. रोजच्या खाण्यापिण्याचं किंवा कपड्यांचं गणित वेगळं असू शकतं, तिथे माझं बोट धरू नका. प्रोफेशनल अकाउंट, कव्हर, कॅप्शन हे तुम्हाला येत असणारच, ते सोडून देते.

पॅकेजची सही करण्याआधी त्यांच्याकडून तारखांसकट वेळापत्रक मागा आणि लक्ष्मीपूजन कोणत्या तारखेला धरलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. 2025 साठी आम्ही शहरातल्याच एका एजन्सीला काम दिलं. नाव घेत नाही. आम्हाला जो तक्ता दाखवला त्यात तारखाच नव्हत्या, नुसतं 'आठवडा एक, आठवडा दोन'. रील ठरल्या वेळी आपोआप टाकणाऱ्या टूलमध्ये मात्र त्यांनी 2024 मध्ये दुसऱ्या कुणासाठी केलेलं वेळापत्रक तारखांसह तसंच चढवलं होतं. 2024 ला गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला. म्हणजे आमची प्रत्येक रील सणाच्या हिशेबाने अकरा दिवस उशिरा.

परिणाम काय, ते सांगते. 'शेवटचे काही दिवस, आजच बुक करा' ही रील हरतालिकेच्या आदल्या दिवशी सुटली. तोवर पुण्यातल्या बहुतेक घरांनी मूर्ती ठरवून विसारसुद्धा दिलेला असतो. ज्यांनी त्या रीलवरून फोन केले त्यांना हवी ती उंची द्यायला आमच्याकडे दिवसच उरले नव्हते. पावसाळी हवेत शाडू वाळायला वेळ घेतो, तो घाईने वाळवला की तडकतो. आणि जिच्यावर आमची सगळी भिस्त होती ती डोळ्यांच्या आखणीची रील! सासरे बारीक ब्रशने बुबुळ टेकवताना श्वास रोखतात, मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय, हात जराही हलत नाही. ती रील आली दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन झाल्यावर. लोकांनी हात जोडलेल्या इमोजी टाकल्या, मूर्ती एकही गेली नाही. फळीवर उरलेल्या मूर्तींची माती भिजवून परत वापरता येते, पण मळण्यापासून रंगापर्यंतची मजुरी परत येत नाही.

फोन केला तर 'रिक्वेस्ट टाका'. रिक्वेस्ट टाकली तर ज्या मॅडम बघत होत्या त्या नोकरी सोडून गेलेल्या. नवीन मुलगा म्हणाला, अल्गोरिदम बदललाय. आम्ही स्वतः रील काढून वेळ बदलू म्हटलं, तर त्यांनी लॉगिनचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर वळवलेला. त्याचा राग अजून गेलेला नाही. पैसे द्यायचे आम्ही आणि दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! तुम्ही पासवर्ड कुणालाही देऊ नका. इन्स्टाग्राम ज्यांचं आहे त्या मेटा कंपनीच्या बिझनेस सूट या साधनातून त्यांना काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस देता येतो आणि हवा तेव्हा काढून घेता येतो.

त्यांच्या शेड्यूलिंगच्या टूलचं घड्याळही भारतीय वेळेवर नव्हतं, यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री नऊला म्हणून लावलेल्या रील्स पहाटे अडीचला पडत होत्या. शेड्यूल कुणीही करो, पहिली रील प्रत्यक्ष किती वाजता दिसली ते स्वतःच्या फोनवर बघा.

आता घड्याळाबद्दल. माझं मत असं की मंगळवार-नऊ, बुधवार-अकरा असले तक्ते बाजूला ठेवा. ते देशोदेशीच्या हजारो अकाउंट्सची सरासरी असतात, त्यात कोथरूडची तुमची गिऱ्हाइकं कुठे असणार? इन्स्टाग्रामची फीड 2016 पासूनच नुसत्या वेळेच्या क्रमाने लागत नाही. त्यांचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी 2025 च्या सुरुवातीला सांगितलं होतं की लोक किती वेळ बघतात, किती लाइक करतात आणि किती जण पुढे कुणाला पाठवतात, या तीन गोष्टींना जास्त वजन असतं. यूट्यूबही म्हणतं की प्रकाशित करण्याच्या वेळेचा व्हिडिओच्या दीर्घकाळच्या कामगिरीवर थेट परिणाम दिसत नाही. रील चार दिवसांनीही उचलली जाते.

मग वेळेला अर्थ कशासाठी? तुम्ही उत्तर द्यायला मोकळ्या आहात का, यासाठी. 'किंमत?' विचारणारीला दहा मिनिटांत उत्तर मिळालं तर ती बोलत राहते, सकाळपर्यंत थांबवलं तर तिने तुळशीबागेतून घेतलेलं असतं. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे अकाउंटच्या आकडेवारीत, फॉलोअर्स कधी जागे असतात ते दिसतं, पण बघण्याची वेळ आणि विकत घेण्याची वेळ एक नसते. आमच्या आलेखात रात्री नऊ-दहाला उंच टेकाड, बुकिंगचे मेसेज मात्र दुपारी दोन ते चार, जेवणं आवरून घर शांत झाल्यावर. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणारे रात्री दहानंतर विचारतात. गुरुवारी सकाळी चिखली-मोशीकडून मेसेज वाढतात, भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते म्हणून. कारखान्यावर येऊन मूर्ती बघा असं सांगणारी रील आम्ही शुक्रवारी रात्री टाकतो, कारण शनिवार-रविवारचं कुठे जायचं ते घरात तेव्हा ठरतं. तुमचं वेगळं निघेल. एकाच धाटणीचे व्हिडिओ दोन वेळांना काही आठवडे टाकून बघा आणि व्ह्यूज नका मोजू, चौकशीचे मेसेज मोजा.

तुमचं यंदाचं कॅलेंडर मी असं लावलं असतं. 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळं पुढे सरकलंय. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, यंदा 8 नोव्हेंबरला. अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहीच टाकू नका, अख्खं शहर मिरवणुकीत असतं आणि गर्दीत नेटवर्कही रडतं. 10 ऑक्टोबरपर्यंत पितृपक्ष, बरीच घरं नवीन खरेदी टाळतात. तेव्हा कापड कापणं, बांबूच्या काड्या तासणं असले व्हिडिओ चालतील, विक्रीचे नकोत. 11 ला घटस्थापना झाली की किमती दाखवायला लागा. बुकिंगची मुख्य रील 20 ऑक्टोबरच्या दसऱ्याच्या आसपास, आणि कंदील लावल्यावर अंधारात कसा दिसतो तो व्हिडिओ संध्याकाळीच टाका. कंपन्यांच्या ऑर्डर हव्या असतील तर त्यांचा निर्णय बराच आधी होतो, त्यांना गणपतीनंतर लगेच फोटो आणि दर थेट पाठवा, रीलची वाट बघू नका.

प्रत्येक व्हिडिओवर ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. रील महिनाभर फिरत राहते. तारीख उलटली की वर पिन केलेली बुकिंगची रील उतरवा, नाहीतर भाऊबीजेनंतरही 'मिळेल का' विचारणारे थांबत नाहीत.