हाड जुळलंय, मग पायातला रॉड काढून टाकावा का?

प्रश्न थोडक्यात असा: नडगीत रॉड टाकून १६ महिने झाले, हाड जुळलंय, चालायला त्रास नाही, थंडीत जरा ठणकतं. घरचे म्हणतात लग्नाआधी काढून टाक, सोलापूरच्या उन्हात लोखंड आत तापतं. काढणं तसं किरकोळच असतं ना?

त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. हाडांच्या ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या शेजारी उभं राहून हत्यारं द्यायचं माझं काम आहे. प्लेट बसवायची केस असली की किती वेळ लागेल ते साधारण सांगता येतं. काढायची असली की नातेवाइकांना वेळ सांगू नये, हे आमच्याकडे नवीन पोरगंसुद्धा महिन्याभरात शिकतं.

उन्हाचं आधी संपवतो. बाहेर ४४ असो नाहीतर ४५, शरीराच्या आत ३७च असतं आणि धातूही तेवढ्यावरच राहतो. तो गंजतही नाही, कारण ते आपल्या खिडकीच्या गजाचं लोखंड नव्हे. एकतर ३१६एल जातीचं स्टील असतं, म्हणजे क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम घातलेलं, नाहीतर टायटॅनियम. एमआरआयचंही बहुतेक अडत नाही. टेक्निशियनला आधी सांगायचं, एवढंच. रॉडच्या आसपासचं चित्र बिघडतं. थंडीतलं ठणकणं खरं असतं, पण ते रॉड नसलेल्या जुन्या फ्रॅक्चरमध्येही असतं. त्यामुळे रॉड काढल्यावर ते थांबेल अशी खात्री कुणी देत असेल तर जरा जपून.

आता किरकोळ म्हणजे काय ते सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक विडी कामगार बाई होत्या. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर टायटॅनियमची लॉकिंग प्लेट (हिच्या भोकांतच आटे असतात, स्क्रूचं डोकं त्यात घट्ट बसतं, म्हणजे लॉक होतं), सात स्क्रू, बसवून सव्वा वर्ष झालेलं. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. मांडी घातली की बाहेरचा घोटा थेट फरशीवर टेकतो, आणि तिथे हाडावर मांस नसतंच, कातडीखाली लगेच प्लेट. कातडी लाल होऊन जाड झाली होती. प्लेट काढायला याहून चांगलं कारण मिळणार नाही, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

कमरेत स्पायनल (कमरेखालची भूल), मांडीला टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा), जुन्याच व्रणावरून चीर. प्लेट उघडी झाली की पहिलं काम स्क्रू फिरवायचं नसतं, खाच साफ करायचं असतं. स्क्रूच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत मांस आणि नवं हाड भरलेलं असतं. ते टोकदार हुकाने कोरून काढल्याशिवाय ड्रायव्हर तळापर्यंत जात नाही, आणि अर्धवट गेलेला ड्रायव्हर पहिल्याच पिळात खाचेच्या कडा खातो. साडेतीन मिलीमीटरच्या स्क्रूला अडीचचा षटकोनी ड्रायव्हर लागतो, काही कंपन्यांचा चांदणीच्या आकाराचा. ट्रेमध्ये दोन्ही हवेत, तेही नवे. झिजलेला ड्रायव्हर ट्रेमध्ये ठेवणाऱ्याला मी कामावरून काढेन. मग ड्रायव्हर अगदी सरळ धरून हाताने आधी किंचित आवळायचं, अडकलेला आटा सुटतो, मग उलटं फिरवायचं. आणि सगळे स्क्रू आधी नुसते सैल करायचे. एकेक पूर्ण काढत गेलात आणि शेवटचा लॉक असला तर त्याच्याबरोबर अख्खी प्लेट गरगर फिरते आणि आजूबाजूचं मांस फाडते.

पाच मुकाट्याने सैल झाले. दोघांची खाच गोल झाली. टायटॅनियमचा स्क्रू टायटॅनियमच्या प्लेटमध्ये असा धरतो की जणू एकाच तुकड्यातून कापलाय. याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या ऑपरेशनात असतं: भोक पाडताना ड्रिल सरळ ठेवणारा गाइड नीट लावला नाही म्हणून स्क्रू तिरका बसला, नाहीतर शेवटचे पीळ टॉर्क लिमिटर (ठरावीक पिळापुढे आवळू न देणारा भाग) न लावता मशीननेच आवळले. या मापाच्या स्क्रूला दीड न्यूटन-मीटर पुरतात, पण घाईत लिमिटर डब्यातच राहतो.

मग पायरीपायरीने. टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाची चंदेरी पन्नी दुमडून खाचेत घातली आणि वरून ड्रायव्हर दाबला; कधीकधी तेवढ्याने पकड मिळते. नाही मिळाली. मग उलट्या आट्यांचा, निमुळता एक्स्ट्रॅक्टर: तो डावीकडे फिरवला की खाचेत रुततो आणि त्याच दिशेने स्क्रूही सुटतो. हा हातानेच फिरवायचा, मशीनला लावला की टोक आत मोडतं. एक स्क्रू त्याने आला. दुसऱ्याचं डोकं कार्बाइडच्या ड्रिलने कापावं लागलं. भोवती निर्जंतुक जेली भरायची म्हणजे धातूचा चुरा तिच्यात अडकतो, सलाइनची धार सोडायची, सक्शन जवळ धरायचा. तरी टायटॅनियमचा चुरा मांसाला काळी शाई लागल्यासारखा लागतोच, मग धू धू धुवायचं. डोकं उडाल्यावर प्लेट उचलली आणि उरलेला दांडा पक्कडने धरून उलटा फिरवत काढला. तासाभरात संपायची केस दोन तासांच्या घरात गेली. बाई टाके निघाल्यावर परत मांडी घालून कामाला बसल्या, म्हणजे काढणं योग्यच होतं. पण याला किरकोळ म्हणू नका. आणि हे घोट्याचं सोपं हाड होतं!

आमच्या दाजींचं गॅरेज आहे. त्यांचं कायमचं म्हणणं, "काय बे, चार स्क्रू काढायला एवढं कसलं थिएटर?" त्यांना एकदा विचारलं, जाम झालेला नट तुम्ही कसा सोडवता? गंज सुटायचा स्प्रे, गॅसचा जाळ, छिन्नी-हातोडी. आमच्याकडे तिन्ही बंद. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशी मरायला लागतात. म्हणून तर ड्रिलवर सलाइनची धार. शिवाय तुमच्या नटाच्या बाजूने शिरा जात नाहीत, आमच्या जातात.

काढायचंच असतं ते वेगळं, त्यात वाद नाही. बाहेर टोकं ठेवलेल्या तारा, कॉलर बोनच्या टोकाची हुक प्लेट (ती खांद्याच्या हाडाला आतून खात जाते, तीन-चार महिन्यांनी काढतात), पू झालेला किंवा सांध्यात घुसलेला स्क्रू, कोपरावर किंवा गुडघ्याच्या वाटीवर टोचणारी तार, मनगटाच्या प्लेटवर बोटांची दोरी (स्नायू हाडाला जोडणारी, टेंडन) घासत असेल तर. लहान मुलांच्या हाडात टाकलेल्या लवचीक तारा साधारण सहा महिने ते वर्षात काढतात, हाड वाढतं म्हणून. उलट म्हाताऱ्या माणसाच्या खुब्यातला स्क्रू-रॉड त्रास नसताना काढू नये, पोकळ झालेल्या जागी खुब्याच्या हाडाची मान मोडते. दंडातली प्लेट तर मी म्हणेन विसरून जा. तिच्या अंगावरून रेडियल नस जाते आणि जुन्या व्रणात ती ओळखू येत नाही. मनगट लुळं पडलं तर प्लेट बरी होती म्हणायची वेळ येते.

तुमचा रॉड. नडगीचा रॉड साधारण दीड ते दोन वर्षांनी काढतात, म्हणजे तुमची तशी वेळ होत आलीय, पण वेळ होणं हे कारण नव्हे. एक्स-रेवर समोरून आणि बाजूने मिळून चार कडा दिसतात, त्यातल्या निदान तीन पक्क्या भरलेल्या हव्यात. शंका असेल तर सीटी स्कॅन. रॉड गुडघ्याच्या खालून घातला तिथूनच काढावा लागतो, म्हणजे वाटीखालच्या दोरीजवळ पुन्हा चीर. पाटावर गुडघे टेकताना समोर दुखत असेल तर काढल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटतं, सगळ्यांना नाही. आणि न दुखणारा गुडघा काढल्यानंतर दुखायला लागलेलाही पाहिलाय. रॉडच्या तोंडावर हाड वाढलेलं असतं, ते सी-आर्मखाली (थिएटरातलं, चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) शोधून छिलायचं, टोपी असेल तर काढायची, मग रॉडच्या आट्यात काढायचा दांडा घट्ट बसवायचा. तो बसेपर्यंत आडव्या स्क्रूंपैकी एक तरी आतच ठेवायचा, नाहीतर रॉड जागेवरच फिरतो. मग सरकत्या हातोडीने मागे ठोकत बाहेर.

इथेच लोक अडकतात. त्या दांड्याचे आटे कंपनीगणिक वेगळे. म्हणून जुन्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर शोधा: कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर. नसतील तर जिथे ऑपरेशन झालं तिथून नोंद मागून घ्या, तारीख ठरवण्याआधी. नाहीतर तुम्ही टेबलावर आणि योग्य सेट दुसऱ्या गावाहून निघालेला, असं होतं. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, तेही आरोग्यमित्राला फाइल दाखवून आधीच विचारा.

लग्नाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. काढायचाच असेल तर लग्नाच्या निदान तीन महिने आधी, नाहीतर लग्नानंतर. चालायला बहुतेक दुसऱ्या दिवशी लावतात, पण स्क्रूची भोकं भरायला आठवडे लागतात आणि तोवर हाड तिथेच कच्चं असतं. वरातीत दोस्तांच्या खांद्यावर चढून उड्या मारणं म्हणजे त्या भोकांवरच नाचणं.

एक गोष्ट तुमच्या घरच्यांच्या बाजूने सांगायला हवी. वय कमी, दुचाकीवर रोजचा प्रवास, पुन्हा पडलात आणि आतला रॉड वाकला तर वाकलेला रॉड काढणं फार अवघड. पुढे कधी गुडघा बदलायची वेळ आली तरी रॉड मध्ये येतो. काही सर्जन तरुण माणसाला काढून घ्या म्हणतात ते यासाठी, त्यांना चूक म्हणणार नाही. आणि व्रणाजवळ लाली, सूज, पाणी येणं, रात्री वाढणारं दुखणं यातलं काही असेल तर हे सगळं सोडा, आधी दाखवा. नसेल तर तुमच्या जागी मी रॉड राहू दिला असता.

दाजी हे वाचतील म्हणून लिहून ठेवतो. तुमच्या हातातल्या दोन्ही प्लेटा दुखत नाहीत, टोचत नाहीत, पाना आवळताना आड येत नाहीत. हाताच्या पुढच्या भागातल्या (कोपर ते मनगट) प्लेटा काढल्या की त्याच भोकातून हाड पुन्हा मोडायची भीती बाकी हाडांपेक्षा जास्त, आणि वरच्या टोकाला बोटं उचलणारी नस आहे. तरी काढायच्याच असतील तर त्यानंतर तीन महिने हातोडा, जॅक, टायर काही उचलायचं नाही. तेवढे दिवस गॅरेज कोण बघणार ते ताईला विचारून ठरवा, मग तारीख मी घेऊन देतो.