हरभऱ्यावर सायपरमेथ्रिनचा डबल डोस मारला तरी घाटेअळी का मरत नाही?

डोस कमी पडला म्हणून नाही, अळीच्या अंगातली एन्झाइम्स औषध पचवून टाकतात म्हणून ती मरत नाही. पी-४५० नावाची एन्झाइम्स सायपरमेथ्रिन मज्जातंतूपर्यंत पोचायच्या आधीच मोडतात, जोडीला एस्टरेज नावाची दुसरी एन्झाइम्स असतातच, आणि जी अळी वाचली तिचेच पतंग पुढं अंडी घालतात, आपल्याकडं तर कपाशी, तूर, हरभरा असं तिचं ताट वाढलेलंच असते, म्हणजे तेच तेच औषध मारून चिवट अळ्या आपणच निवडून ठेवतो. कृषीच्या अभ्यासात हे येतेच, ऑस्ट्रेलियातल्या घाटेअळीत तर २०१२ मध्ये सायपरमेथ्रिनच्याच गटातलं फेनव्हॅलरेट पचवणारं पी-४५० चं जीनही सापडलं, दोन जुन्या जीनचे तुकडे जुळून झालेलं.

पण दरवेळी असा रेझिस्टन्सच, म्हणजे औषधाला न जुमानणं, असतो असं नाही, अर्धी घाट्यात अर्धी बाहेर लटकलेली जाड अळी तशीही लवकर मरत नाही. डबल डोस तर नकोच, २०१७ ला यवतमाळात फवारणीनं माणसं गेली. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) पतंग दिसायला लागले की अळी बारीक असतानाच निंबोळी अर्क नाहीतर एचएनपीव्ही (घाटेअळीला रोग पाडणारा विषाणू) मारा, तरी नाही आवरली तर औषधाचा गट बदलून इमामेक्टिन, लेबलवर आहे तेवढंच.