गोव्यात राहून जुन्या सांगाड्यांवरून प्राचीन रोगांचा अभ्यास करता येतो का? आणि हाडांवरून रोग खरंच कळतो?

पहिल्याचं उत्तर : अवघड आहे. आपली तांबडी माती आम्लधर्मी, वर चार महिने पाऊस. हाडं विरून जातात. त्यात हिंदूंमध्ये दहन. पुण्याला डेक्कन कॉलेजात जा, तिथे पुरातत्त्व शिकवतात. त्यांनी उकरलेल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीत दोनशेवर दफनं मिळाली, बरीचशी मडक्यांत पुरलेली लहान मुलं.

दुसऱ्याचं उत्तर मी घरीच देऊन बसले आहे.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पावसात गावी आले, तर सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागराची (माडा-पोफळींच्या बागेची) मेर, म्हणजे बांध, कोसळून हाडं उघडी पडलेली. कोणाची ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पणजोबांचे धाकटे भाऊ, ‘संन्यासी होते म्हणून पुरले’. निम्मंअर्धं विरलेलं, पण वरचा जबडा शिल्लक होता. नाकाच्या भोकाची खालची कड गुळगुळीत गोल, मधला बारीक काटा नाहीसा, पुढच्या दातांच्या मुळाशी हाड झिजलेलं. पायाचं एक हाड टोक काढलेल्या पेन्सिलीसारखं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, हा महारोग.”

“ते संन्यासी आशिल्ले! हाडांक जीब ना गो!” संध्याकाळपर्यंत सगळं पंच्यात बांधून म्हादई नदीत. एक फोटोसुद्धा काढू दिला नाही.

काकांचा पुरावा काय, तर दफन. पण आपल्यात संन्याशाला पुरतात तसं महारोग्यालाही पुरत. उदयपूरजवळ बालाथलला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक पुरुष मिळाला, शेणाच्या राखेने भरलेल्या दगडी आवारात पुरलेला. त्याच्या हाडांवर कुष्ठाच्या खुणा आहेत, हे २००९ साली छापून आलं. आणि आजी सांगायची, या आजोबांचं जेवण मांगरात (बागेतल्या खोपटात) जायचं, पत्रावळ काठीने सरकवून. संन्याशाला कोणी काठीने वाढतं का?

तर हो, कुष्ठ, मणक्यातला क्षय, उपदंश, स्कर्व्ही हाडांवर दिसतात. पटकन मारणारे रोग दिसत नाहीत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या पुस्तकात मोडशीचं वर्णन केलंय, म्हणजे कॉलऱ्याचं. रोगराईने जुनं गोवं ओस पडलं, पण कॉलऱ्याने मेलेल्याच्या हाडावर ओरखडाही नसतो. खूण उमटायला माणूस रोगासकट बराच काळ जगावा लागतो. म्हणून स्वच्छ हाडं बघून ‘निरोगी होता’ म्हणणाऱ्या मास्तरांवर विश्वास ठेवू नका. (जुन्या गोव्यात संत ऑगस्टीन चर्चच्या पडक्या अवशेषांत मिळालेलं जॉर्जियाच्या केतेवान राणीचं हाड डीएनएने ओळखलं, ते खरं, पण तो ओळख पटवण्याचा भाग, रोगाचा नव्हे.)

आता कबुली. नाकाची ती कड पातळ असते, मातीत, मुळांनी आपोआप झिजते. मी शिकाऊ होते, दहाएक मिनिटं पाहिलं. आज इतक्या ठामपणे बोलले नसते. पण म्हणूनच तर फोटो हवा होता ना! आणि तुम्हाला हाडं सापडली तर हात न लावता आधी पोलिसांना कळवा, आम्ही कळवलं नव्हतं.

हे शिकायचंच असेल तर गावातल्या म्हाताऱ्या बायकांपासून सुरुवात करा. मांगरात कोण राहायचं, त्याचं ताट कोण न्यायचं, ते पुरुषांना विचारू नका.