फसफस : छोट्या केगला गॅस लागतो तरी किती?

या वेळच्या पत्रांत बाटल्यांना कंटाळलेली मंडळीच जास्त आहेत. घरी केलेल्या बिअरची पाच गॅलनची बॅच म्हणजे पन्नासेक बाटल्या धुवायच्या, भरायच्या, बुचं ठोकायची. त्यापेक्षा केग, म्हणजे बिअरचं दाबबंद पिंप, बरा हे खरंच. पण घरात जागा कमी म्हणून सगळे छोटा केग घेतात आणि पुस्तकातले मोठ्या केगचे आकडे त्याला लावत बसतात. मग मला पत्र येतं.

काकू, नमस्कार. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, म्हणून पाच लिटरचा स्टीलचा केग घेतला. वर दाब ठरवणारा छोटा रेग्युलेटर आणि 16 ग्रॅमची गॅसची काडतुसं. पेल एल बिअर भरली, फ्रिजमध्ये ठेवली, दाबाचा काटा 12 पीएसआयवर (चौरस इंचाला 12 पौंड) आणला. चार दिवसांत काडतूस रिकामं आणि बिअर सपक. दुसरं लावलं, तेही गेलं. केग गळतोय का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

गळत नसावा. तुमचा गॅस बिअरमध्येच गेलाय. कागद-पेन्सिल घ्या, मी मुळात केमिकलवाली, हिशेब मांडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

बिअरमधला गॅस ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड मुरला की एक व्हॉल्यूम, वजनात साधारण दोन ग्रॅम. पेल एलला अडीच व्हॉल्यूम लागतात. खोलीच्या तापमानाला आंबून झालेल्या बिअरमध्ये पाऊणच्या थोडा वर गॅस आधीच असतो. म्हणजे बाहेरून घालायचा तो सुमारे 1.65 व्हॉल्यूम, लिटरला सव्वातीन ग्रॅम. गुणिले पाच : सोळा ग्रॅम. अख्खं काडतूस नुसतं बिअरमध्ये विरघळण्यातच संपलं! ग्लासात यायला बिअरला मागून कोणी ढकलायला नको का? पाच लिटर बिअर निघून गेली की त्या जागी 11-12 पीएसआय दाबाचा पाच लिटर गॅस बसलेला असतो, म्हणजे आणखी सतरा ग्रॅम. भरण्याआधी केगमधली हवा हाकलायला जातो तो वेगळाच. दर बॅचला तीन काडतुसं धरून चाला.

आता यावर दोन वाटा आहेत. पहिली, पाच पौंडांचा सिलिंडर घ्या. त्यात 2.27 किलो गॅस. तुमच्या मापाचे पन्नासेक केग त्यावर आरामात निघतील. वेल्डिंगचा गॅस विकणाऱ्या दुकानात रिकामा देऊन भरलेला मिळतो. फक्त सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा केला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि रेग्युलेटर कामातून जातो. गाडीतून आणताना खिडकी थोडी उघडी असू द्या.

दुसरी वाट जुनी आणि फुकटातली, मला तीच जास्त आवडते : गॅस यीस्टकडूनच करून घ्या. पाच लिटरला 30 ग्रॅम आपली साधी पांढरी साखर. अर्धा कप पाण्यात उकळा, गार करा, निर्जंतुक केलेल्या केगमध्ये आधी ती ओता आणि वरून बिअर शांतपणे सोडा, खळखळाट न करता. टॅपचं डोकं काढून साधं झाकण लावा आणि 70 फॅरनहाइटच्या आसपास दोन आठवडे कपाटात ठेवून द्या. नंतर दोन दिवस फ्रिज. पहिल्या अर्ध्या ग्लासात यीस्टचा गाळ येईल, तो सिंकमध्ये. पुढची बिअर स्वच्छ, आणि काडतूस लागणार ते फक्त ढकलायला.

मात्र दोन गोष्टींत हयगय नको. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा तीन दिवस जागचा हलत नसेल तरच साखर घाला, नाहीतर आंबायचं राहिलेलं माल्ट आणि वरची साखर मिळून किती दाब करतील याचा भरवसा नाही. आणि 70 अंशांना अडीच व्हॉल्यूम म्हणजे केगच्या आत 29 पीएसआय. तुमच्या केगवर लिहिलेला कमाल दाब त्याहून बराच वर हवा, झाकणाला दाब सोडणारा व्हॉल्व्हही हवा. दुकानात बिअरसकट मिळणारे पाच लिटरचे पत्र्याचे डबे याच कामाला वापरणारे लोक आहेत. साखर जास्त झाली की त्या डब्यांची बुडं फुगून बाहेर येतात. मी त्यांच्या वाटेला जात नाही.

मावशी, मी इथे शिकायला आलोय. रूममेटबरोबर अडीच गॅलनचा बॉल-लॉक (नळ्या झटकन जोडता येणारा) केग घेतला. एका व्हिडिओत बघून 30 पीएसआयवर गॅस सोडला आणि केग मांडीवर घेऊन जोरजोरात हलवला. आता ग्लासात नुसता फेस येतो. दाब 12 वर आहे, नळी तीन फुटी आहे. काय करू?
— एक विद्यार्थी, टोरांटो

हलवणं बंद कर आधी! गॅस पटकन मुरतो हे बरोबर आहे, पण कुठे थांबायचं हे सांगणारा काटा त्यात नसतो. मुरलेला गॅस दोनच गोष्टींवर ठरतो, तापमान आणि दाब. विल्यम हेन्रीने 1803 सालीच हे मांडून ठेवलंय. 38 फॅरनहाइटला अडीच व्हॉल्यूम हवे असतील तर 11 पीएसआयच्या जरा वर, 40 अंशांना 12. तेवढ्यावर काटा ठेवून आठ-दहा दिवस केगकडे बघू नकोस. घाई असेलच तर 30 पीएसआयवर एक दिवस आणि मग खाली, पण हलवायचं नाही. तुझ्या मांडीवर काय झालं असेल ते मला दिसतंय : 38 अंशांना 30 पीएसआय पूर्ण मुरला तर चारच्याही वर व्हॉल्यूम होतात. ती बिअर नाही, सोडा झाला.

गॅस काढायला सिलिंडर बंद कर, गॅसची नळी सोडव आणि झाकणावरचं वळं दर दोन-तीन तासांनी ओढून दाब सोड. एक-दोन दिवस लागतील. वळं ओढताना फेस वर येत असेल तर हळू.

आणि ती तीन फुटी नळी बदल. नळीचं कामच बिअरला अडवण्याचं असतं. केगमधला 12 पीएसआय दाब नळीभर हळूहळू खर्च झाला तर बिअर टॅपशी निवांत पोचते. तीन फुटांत तो खर्च होत नाही, मग टॅपशी एकदम सुटतो आणि सगळा गॅस बाहेर. आतून 3/16 इंचाची नळी घे, दहा फूट. एवढ्या लांब नळीत किती बिअर वाया जाईल अशी भीती वाटेल. मोजून बघ, 55 मिलिलिटरसुद्धा नाही. गुंडाळून केगच्या डोक्यावर ठेव, फ्रिजच्या आतच. टॅप उघडायचा तो पूर्ण. भीत भीत अर्धा उघडलास तर फेस हमखास.

काही जण फेस टाळायला दाब तीनवर आणतात आणि तिथेच ठेवतात. त्या संध्याकाळपुरतं चालतं. आठवड्याने बिअरही तीनच्या मापाची होते आणि मग ‘केग खराब आहे’ म्हणून मला पत्र.

रात्री सिलिंडर भरलेला होता, सकाळी रिकामा. गळती शोधायची कशी?
— मिशिगनहून

साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घ्या आणि प्रत्येक जोडावर मारा. बुडबुडे येतील तिथे गळती. सिलिंडर आणि रेग्युलेटरमधलं नायलॉनचं वॉशर मी आधी बघते, मग केगला गॅसची नळी जोडतात त्या पोस्टमधली छोटी स्प्रिंगवाली झडप, मग झाकणाची मोठी रबरी रिंग. रिंगेला खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉनचं ग्रीस लावा, झाकण बसवा आणि क्षणभर 30 पीएसआय देऊन ते आतून दाबून घ्या. छोट्या केगची झाकणं कमी दाबावर नीट बसत नाहीत आणि रात्रभर गुपचूप गळत राहतात.

बरेच जण सिलिंडर बंद करून ‘काटा पडतो का’ ते बघतात. ही परीक्षा रिकाम्या केगवर करा. नव्या, कमी मुरलेल्या बिअरवर केली तर बिअरच गॅस ओढून घेते, काटा पडतो, आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता. सिलिंडरच्या दाबाच्या काट्यावरही जाऊ नका. आत द्रव शिल्लक आहे तोवर तो जवळपास एका जागी उभा असतो आणि द्रव संपला की धाडकन कोसळतो. फ्रिजमध्ये ठेवला की थंडीनेच उतरतो, ते वेगळं. खरं उत्तर वजनकाटा देतो. सिलिंडरच्या मानेवर टीडब्ल्यू अक्षरांपुढे रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. ते वजा करा.

छर्‍याच्या बंदुकीची 12 ग्रॅमची काडतुसं स्वस्त मिळतात. चालतील?
— एक वाचक

नाही. त्यांत यंत्रासाठी तेलाचा अंश असू शकतो आणि तेल फेस मारतं, चवीचं तर सोडाच. क्रीम फेटायच्या काडतुसांत नायट्रस ऑक्साइड असतो, तीही नकोत. ‘फूड ग्रेड’ लिहिलेली आणि तुमच्या रेग्युलेटरच्या आट्यांची घ्या.

काकू, मुलगा तिकडून छोटा केग, रेग्युलेटर सगळं घेऊन येतोय. पुण्यात फ्लॅटवर बिअर करता येईल ना? स्वतःपुरतीच.
— कोथरूड, पुणे

नाही हो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा त्यात गुन्हा आहे, स्वतःपुरती असली तरी. आमच्याकडे अमेरिकेतही घरच्या बिअरची मोकळीक फार जुनी नाही. राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी 1978 साली कायद्यावर सही केली, तेव्हापासून घरटी एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन आणि दोघे असतील तर दोनशे अशी मुभा आहे, विकायची नाही या अटीवर. तरी अलाबामा आणि मिसिसिपीला 2013 उजाडलं.

पण सामान परत पाठवू नका. सोडा मुळात बिअरच्याच घरचा. जोसेफ प्रीस्टलीने 1767 मध्ये लीड्सच्या ब्रूअरीत आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं टांगलं आणि पाण्यात फसफस आणली. तुम्ही उलट्या दिशेने जा. केग तीन-चतुर्थांश थंडगार पाण्याने भरा, 3-4 सेल्सियसला 27 पीएसआय दोन-तीन दिवस द्या, चार व्हॉल्यूमचा कडक सोडा तयार. गोळीसोड्याच्या बाटलीची आठवण असणाऱ्यांना तो आवडेल. इथे मात्र दाब जास्त आहे, तेव्हा केगवरचा कमाल दाब आधी वाचा.

कोकमाचं आगळ ग्लासात घाला, केगमध्ये नको. कोकमाचा वास रबरी रिंगांत बसला की पुढचं लिंबूही कोकमासारखं लागतं. मग रिंगा बदलण्याशिवाय उपाय नाही. आमच्या ह्यांना बिअर चालत नाही, त्यामुळे आमच्या बेसमेंटमधला एक केग कायम सोड्याचाच असतो.

आणि पत्राच्या शेवटी सोलकढीचं विचारलंय, तर तीही केगमध्ये नको. नारळाच्या दुधाचं तेल नळीत आणि झडपेत चिकटून बसतं, साध्या पाण्याने निघत नाही.